घरीच गाडीचं इंजिन ऑइल बदलायचंय, सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमेल का?

भांडुप_वेस्ट

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, रनिंग फार नाही, ऑफिस अंधेरीला म्हणून जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, फर्स्ट-सेकंडमध्ये रांगत जायचं आणि तसंच परत यायचं, रविवारी कधी ठाणे, कधी आईला घेऊन डॉक्टरकडे, बस. वॉरंटी संपून जमाना झाला. आत्तापर्यंत गाडी सर्व्हिस सेंटरलाच टाकली पण आता मन उडालंय. साधं ऑइल आणि फिल्टर बदलायला गेलं की बिलात इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन असं काय काय लागतं, नको म्हटलं तर पॅकेजमध्येच आहे म्हणतात, गाडी आत नेतात आणि आपण काचेच्या या बाजूला बसून राहायचं. कॅनमधलं टाकलं की ड्रममधलं, फिल्टर बदलला की पुसून परत लावला, काही कळायला मार्ग नाही. पैसे वाचले तर चांगलंच, पण मला मुळात माझ्या इंजिनात काय जातंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.

म्हणून यावेळी घरीच करायचं म्हणतोय. पार्किंग स्टिल्टखाली आहे, फरशी सपाट आहे. पाने आहेत, गोटी सेट आहे, डिकीतला जॅक आहे. व्हिडिओ ढीगभर बघितले पण ते सगळे परदेशातले, त्यांच्या घराला लागून गॅरेज असतं, इथे शेजारच्याची गाडी माझ्या दारापासून हातभर लांब. तर डिकीतल्या जॅकवर उचलून खाली गेलो तर चालेल का? ऑइल कुठल्या ग्रेडचं घेऊ, कारण आमचा नाक्यावरचा गॅरेजवाला म्हणतो मुंबईच्या गरमीत ते पातळ ऑइल टिकत नाही, २०डब्ल्यू-५० टाक. आणि निघालेल्या जळक्या ऑइलचं करायचं काय? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

---

जुना_फिटर

बेस्टच्या बस डेपोत फिटर होतो, आता रिटायर आहे, मुलाच्या गाडीचं ऑइल आजही मीच बदलतो. जॅकचं आधी सांगतो. डिकीतल्या जॅकवर गाडी उचलून खाली अजिबात जायचं नाही, नुसता हात पण घालायचा नाही. तो जॅक पंक्चर झाल्यावर चाक बदलण्यापुरता दिलेला असतो, त्याचा तळ तळहाताएवढा आणि सगळा भार एका आडव्या स्क्रूवर, गाडीला बाजूने जरा धक्का लागला की तो आडवा होतो आणि तुझ्या स्टिल्टच्या गुळगुळीत फरशीवर तर तो सरकणारच. डेपोत आमच्याकडे पिट होते, म्हणजे गाडीखाली उतरायचे खड्डे, बस जमिनीवर चार पायांवर उभी असायची, तरी चाकाला उटी लागल्याशिवाय कोणी खाली उतरत नव्हतं. तुला घरी कोणी ओरडायला नसणार म्हणून जास्त सांगतोय.

करायचंच असेल तर लोखंडी रॅम्प घे नाहीतर ट्रॉली जॅक आणि जॅक स्टँडची जोडी घे. क्रॉफर्ड मार्केटच्या मागे नागदेवी स्ट्रीटला हत्यारांची दुकानं आहेत तिथे दोन्ही मिळतं, किती टनाचं आहे ते बघून घे. रॅम्प फरशीवर पुढे घसरतात म्हणून खाली रबराची मॅट टाक, एक माणूस बाहेर उभा कर आणि हळू चढव. चढली की हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन्हीकडून उटी, वीट नको, वीट भुगा होते, लाकडाचा ठोकळा घे. जॅक स्टँड लावलास तर दारांच्या खालच्या पत्र्याला जिथे खाचा दिल्यात तिथेच लाव, आणि खाली जायच्या आधी गाडी बाहेरून चांगली हलवून बघ. डुगडुगली तर पुन्हा लाव.

आता काम. गाडी पाच-सात मिनिटं चालू ठेव, बंद कर, थोडी निवू दे. कोमट ऑइल पटकन आणि सगळं उतरतं, तळाचा गाळ घेऊन उतरतं, पण उकळतं असलं तर मनगट भाजेल. वर ऑइल भरायचं झाकण उघडून ठेव म्हणजे हवा लागते आणि धार अडत नाही. मग खाली जाऊन चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाला ऑइल साठतं त्या भांड्याचा, बोल्ट शोध, आणि इथे थांब. पुढचं चाक फिरणाऱ्या गाड्यांना इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी-शेजारी आडवे असतात, दोघांना खाली एकेक बोल्ट असतो. आमच्या बाजूच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने गिअरबॉक्सचं ऑइल काढलं आणि इंजिनात नवीन भरलं, म्हणजे गिअरबॉक्स कोरडा आणि इंजिनात दुप्पट. निघालेलं ऑइल पातळ काळं न येता सोनेरी आलं आणि वास वेगळा आला तेव्हाच थांबायला हवं होतं. मॅन्युअलमधलं चित्र बघ, फिल्टर कुठे आहे ते बघ, फिल्टरच्या बाजूचं ते इंजिन.

बोल्टाला गोटी नीट पूर्ण बसते ना ते बघ, रिंग पाना पण चालेल, फिक्स पाना नको, कोपरे खातो. एकदा सैल झाला की पाना ठेवून दे आणि हाताने फिरव. फिरवताना बोल्ट वरच्या बाजूला दाबून धर. शेवटचा आटा सुटला तरी दाबलेला आहे तोपर्यंत थेंबभरच येतं, मग एका झटक्यात बाजूला ओढायचा. असं केलंस तर बोल्ट टबात पडत नाही आणि कोपरापर्यंत ऑइल येत नाही. धार आधी लांब जाऊन पडते, जोर कमी झाला की जवळ येते, तेव्हा टब सरकवायला विसरतात लोक आणि फरशी काळी होते. पंधरा-वीस मिनिटं निथळू दे, थेंब लांबले की पुरे.

बोल्टाचा वायसर नवीन टाक. तांब्याचा किंवा अल्युमिनियमचा असतो, तो दाबला जाऊन सील होतो, जुना परत लावला की महिनाभराने खाली डाग. बोल्ट परत लावताना पहिले आटे हातानेच धरायचे, तिरका गेला तर लगेच काढून पुन्हा. खूप गाड्यांचं चेंबर अल्युमिनियमचं असतं, बोल्ट लोखंडी, दांड्या पान्याला लटकून आवळलास की आटे जातात आणि मग चेंबरच बदलावं लागतं नाहीतर नवीन आटे पाडून घ्यावे लागतात. टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलचा आकडा लाव.

फिल्टर. जुना काढलास की त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का ते बोट फिरवून बघ. कधी ती इंजिनालाच चिकटून राहते, काळ्यावर काळी दिसत नाही, आणि नवीन फिल्टर त्याच्यावर बसतो. दोन रबर एकावर एक. गाडी चालू केली की प्रेशरने मधून सगळं ऑइल बाहेर, मिनिटाभरात चेंबर रिकामं. हे डेपोतल्या नव्या पोरांना आम्ही पहिल्या दिवशी शिकवायचो. नवीन रबराला बोटाने नवं ऑइल लाव, हाताने फिरवत रबर टेकेपर्यंत ने, तिथून पाऊण फेरा हातानेच. फिल्टरच्या पान्याने आवळायचा नाही, तो पाना काढायला.

भरताना पूर्ण कॅन ओतू नकोस. १२०० सीसीला फिल्टरसकट साधारण तीन ते साडेतीन लिटरच्या आसपास लागतं, तुझ्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. अर्धा लिटर कमी भर, गाडी चालू कर, ऑइलचा लाल दिवा दोन-चार सेकंदांत विझला पाहिजे, तोवर रेस द्यायची नाही. नाही विझला तर लगेच बंद. विझला तर मिनिटभर चालव, खाली वाकून बोल्ट आणि फिल्टर बघ, बंद कर, गाडी सपाट जमिनीवर उतरव, दहा मिनिटांनी ऑइलची पातळी बघायचा गज काढून पूस, परत घालून बघ, मग थोडं थोडं वाढव. मॅक्सच्या रेघेच्या वर नको. जास्त भरलं तर खाली फिरणारा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, त्यात बुडतो, ऑइलला फेस येतो आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही.

---

परळ_ते_पनवेल

काकांनी खालचं सगळं सांगितलं, मी ग्रेडचं बोलतो कारण हे २०डब्ल्यू-५० प्रकरण प्रत्येक नाक्यावर ऐकायला मिळतं आणि ऐकून माझं डोकं फिरतं.

डब्ल्यू म्हणजे विंटर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती वाहतं त्याचा, नंतरचा आकडा १०० डिग्रीला किती जाड राहतं त्याचा. आता मुंबईची थंडी म्हणजे सांताक्रूझला आजवरचं सगळ्यात कमी तापमान ७.४, तेही १९६२ च्या जानेवारीत, त्यामुळे ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू यातल्या फरकावर आपण इथे झोप घालवायची गरज नाही. पण दुसरा आकडा इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेला असतो. आणि बाहेरची गरमी म्हणजे आतली गरमी नाही रे, इंजिन चालू लागलं की थर्मोस्टॅट आणि रेडिएटर फॅन कूलंटला साधारण नव्वदच्या आसपास धरून ठेवतात, बाहेर मे महिना असो की जानेवारी. म्हणजे मुंबईच्या उकाड्यासाठी जाड ऑइल हे लॉजिक मुळातच बसत नाही.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये बेअरिंगच्या फटी मोठ्या होत्या, तिथे २०डब्ल्यू-५० ठीक होतं, गॅरेजवाल्यांच्या हाताला तीच सवय आहे, त्यांचा वाईट हेतू नसतो. आत्ताच्या इंजिनात फटी बारीक, व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या प्रेशरवर चालते, ऑइलचे मार्ग अरुंद. सकाळी गाडी चालू केल्यावर जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि इंजिनाची बरीचशी झीज त्याच वेळेला होते. मायलेज पडतं ते वेगळंच. तेव्हा मॅन्युअल उघड, त्यात जो ग्रेड लिहिलाय तोच घे, २०१७ च्या छोट्या पेट्रोल गाडीला बहुधा ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असेल. दोन ग्रेड दिले असतील तर दोन्ही चालतात.

कॅनच्या मागे एपीआयची, म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेची, खूण बघ. पेट्रोलला एसने सुरू होणारी अक्षरं, डिझेलला सीने. पेट्रोलमध्ये एसपी किंवा त्याहून नवी बघून घे, एसपी २०२० च्या मे पासून आली, आणि तुझ्या मॅन्युअलमध्ये एसएन लिहिलं असेल तरी एसपी बिनधास्त चालतं, नवीन खूण जुनीची जागा घेते. वाचणारे कोणी डिझेलवाले असतील आणि गाडी बीएस-६ ची असेल तर त्यांनी हे वाचून काहीतरी उचलू नका, डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं, साधं टाकलं तर तो फिल्टर चोंदतो.

इंजिन फ्लशला नाही म्हणालास ते बरोबर. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला त्याची गरज नाही. आणि रनिंग कमी आहे म्हणून दोन वर्षं ओढू नकोस, आपल्याकडे बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. तुझं जेव्हीएलआर म्हणजे मॅन्युअलमध्ये ज्याला सिव्हिअर कंडिशन म्हणतात तेच, सतत थांबा-चला, इंजिन तासभर चालतं आणि मीटरवर किलोमीटर पडतात बारा. मी तुझ्या जागी असतो तर वर्षसुद्धा थांबलो नसतो, आठ-नऊ महिन्यांत बदललं असतं.

---

लालबागचा_गडी

ऑइल कुठून घेतोस ते पण बघ भावा. स्वतः बदलायचा सगळा फायदा नकली कॅनमध्ये जातो. गाडीच्या कंपनीच्या अधिकृत स्पेअर काउंटरवरून घे नाहीतर मोठ्या तेल कंपनीच्या पेट्रोल पंपावरून, बिल घेऊन. पार्ट्ससाठी ऑपेरा हाऊसला न्यू क्वीन्स रोडची लाइन आहेच, फिल्टर आणि वायसर तिथे मिळून जातील, पण गाडीचं मॉडेल-वर्ष नुसतं तोंडी सांगू नको, चेसिस नंबरचा फोटो दाखव, एकाच मॉडेलला दोन इंजिनं असली की फिल्टर वेगळे असतात. वायसर दोन घेऊन ठेव, पाच-दहा रुपयांची वस्तू असते आणि रविवारी दुपारी ती एकच घरंगळून गटाराच्या जाळीत गेली की गाडी तशीच चेंबर उघडं टाकून उभी.

दुसरं म्हणजे रिकामा कॅन भंगारात अख्खा देऊ नको. सुरीने आडवा काप किंवा तळाला भोक पाड. अख्खे कॅन झाकणासकट उचलले जातात आणि त्यातच गाळलेलं जुनं ऑइल भरून परत विकायला येतं. तू कापलास तर एक तरी कमी.

---

सेक्रेटरी_आहे_मी

मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगतो, रागावू नका. आमच्याकडे एका मेंबरने न विचारता हेच काम केलं, टब छोटा होता, अर्धं ऑइल फरशीवर, तिथून उताराने लिफ्टच्या लॉबीपर्यंत. सकाळी दूध घेऊन येणाऱ्या आजी घसरल्या. नशीब हाड मोडलं नाही. त्यानंतर कमिटीने पार्किंगमध्ये गाडीचं कुठलंच काम नाही असा ठराव केला आणि आता साधं पंक्चर काढलं तरी लोक तक्रार करतात. एकाच्या हलगर्जीपणाने सगळ्यांची सोय गेली.

तर आधी कमिटीला सांगा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको, तिथे शंभर मतं येतील, सरळ सेक्रेटरीला भेटा. शेजारच्या गाडीवाल्याला दोन तास गाडी हलवायला सांगा, ती जागा तुम्हाला लागणारच आहे. खाली जाड प्लास्टिक अंथरा, त्यावर पुठ्ठे, त्यावर टब, आणि टब निदान पाच-सहा लिटरचा आणि रुंद तोंडाचा. सुताराकडून पोतंभर लाकडाचा भुसा आणून हाताशी ठेवा, सांडलं की लगेच भुसा टाकायचा, तो पिऊन घेतो, मग झाडून वेगळ्या पिशवीत. पाणी मारू नका, पाण्याने ऑइल पसरतं. उरलेल्या डागावर कपडे धुवायची पावडर कोरडीच घासायची आणि फडक्याने टिपून घ्यायचं. स्टॅक पार्किंगच्या खालच्या पॅलेटवर तर अजिबात करू नका, वर दुसऱ्याची गाडी लटकलेली असते. आणि कृपया रस्त्यावर करू नका, फूटपाथला लागून गाडीखाली झोपलेल्या माणसाचे पाय रिक्षावाल्याला दिसत नाहीत.

---

खाडीकाठची

माझं काम औद्योगिक कचऱ्याच्या विल्हेवाटीशी संबंधित आहे, म्हणून जळक्या ऑइलच्या प्रश्नावर थांबले. इतरांनी तो सोडूनच दिला आणि बहुतेक जण घरी सुद्धा सोडूनच देतात.

वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे, २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांखाली. त्यात इंजिनातले झिजलेले धातू असतात, जळणातून तयार होणारी कॅन्सरकारक द्रव्यं असतात. कॅनच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की वापरलेल्या ऑइलचा वारंवार संपर्क त्वचेला धोकादायक, ते कोणी वाचत नाही. म्हणून नायट्राइलचे ग्लोव्हज घाला, आणि ते ऑइलने माखलेलं फडकं पँटच्या खिशात ठेवायची सवय मेकॅनिक लोकांची असते ती उचलू नका.

आता गटार. मुंबईत सांडपाण्याची लाइन वेगळी आणि पावसाच्या पाण्याची लाइन वेगळी. पार्किंगच्या कडेला जी जाळी असते ती बहुतेक वेळा पावसाच्या पाण्याची, ती कुठल्याही प्रक्रिया केंद्राकडे जात नाही, नाल्यातून सरळ खाडीत आणि समुद्रात जाते. भांडुपला तुमच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे, फ्लेमिंगो येतात, कोळी लोक जाळी लावतात. तिथे तीन लिटर ऑइल पाण्यावर किती लांब पसरेल याचा विचार करा, आणि मग जाळीकडे बघा. कचऱ्याच्या डब्यात बाटली भरून टाकणं पण तेच, कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाऊन फुटते आणि सफाई कामगाराच्या अंगावर उडते. त्याला ग्लोव्हज मिळालेले असतात की नाही हे आपल्याला माहीत आहे.

काही जण गावी नेतात. वाशांना, दारांच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून फासायला. कोकणात माझ्या आजोळी पण हे बघितलंय, आणि लाकूड टिकतं हे खरं आहे. पण पावसाळ्यात ते धुपून अंगणात उतरतं, अंगणाच्या कडेला विहीर. बांधकामावर सेंटरिंगच्या प्लेटांना फासायला नेतात, बॉयलर-भट्टीत जाळायला नेतात, ते पण नको. भंगारवाला पैसे देईल म्हणून त्याला देऊ नका, ते पुढे कुठे जातं ते त्यालाही सांगता येणार नाही, लालबागच्या दादांनी सांगितलेल्या कॅनमध्येच जायची शक्यता.

मग द्यायचं कुठे? १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवर वापरलेलं ऑइल परत गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी नियमाने आली आहे, नोंदणीकृत रिसायकलर आहेत, पण ते तुमच्या तीन लिटरसाठी दारात येणार नाहीत, ते ड्रमने उचलतात. त्यामुळे ज्या मोठ्या वर्कशॉपमध्ये वापरलेल्या ऑइलचे ड्रम ठेवलेले असतात आणि अधिकृत रिसायकलर येऊन ते नेतो तिथे जाऊन विचारा की माझं ऑइल तुमच्या ड्रममध्ये ओतू का. आधी फोन करून विचारा, ऑइल काढल्यावर नव्हे. बरेच जण हो म्हणतात, त्यांना त्याचे पैसे मिळतात. फक्त त्यात कूलंट, पेट्रोल, पाणी, थिनर काही मिसळू नका, एकदा मिसळलं की ते रिसायकल करणं अवघड होऊन बसतं. नव्या ऑइलचा कॅन रिकामा झालाय त्यातच नरसाळ्याने भरा, झाकण घट्ट, वर मार्करने "वापरलेलं ऑइल" लिहा, घरात लहान मुलं असतात. द्यायला गेलात की कॅन रिकामा करून परत आणा आणि मग कापा. फिल्टरमध्येही बरंच ऑइल असतं, तो रात्रभर टबात उलटा निथळत ठेवा आणि त्याच वर्कशॉपला द्या.

---

भांडुप_वेस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः फिटर काका आणि ताई. काका, तुमचं वाचून डिकीतल्या जॅकचा विषय डोक्यातून काढला. सेक्रेटरींना विचारून आलो, ते हो-नाही करतायत, म्हणाले कमिटीत घेतो. ट्रॉली जॅक आणि स्टँड घ्यायचे तर पहिल्या वेळेला खर्च सर्व्हिसपेक्षा जास्त जातोय आणि छोट्या घरात ते ठेवायचे कुठे हाही प्रश्न आहे, बायकोने माळ्याकडे बघून आधीच नाही म्हटलंय. एक ऐकलंय की गज असतो त्या नळीतून पंपाने ऑइल वरूनच खेचता येतं, म्हणजे खाली जायलाच नको. ते खरंच नीट होतं का? आणि पावसाळा तोंडावर आलाय, आत्ता बदलू की पाऊस संपल्यावर?

---

परळ_ते_पनवेल

पंपाने होतं. बारीक पाइप गजाच्या नळीतून तळाला टेकेपर्यंत घालायचा, ऑइल चांगलं गरम असताना खेचायचं. सगळ्या गाड्यांत पाइप तळाच्या सगळ्यात खोल जागी पोचतोच असं नाही त्यामुळे थोडं जुनं ऑइल मागे राहू शकतं, ते किती राहिलं हे कळायला निघालेलं ऑइल मोजायच्या भांड्यात ओत आणि मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघ. खरी अडचण फिल्टरची. तुझ्या गाडीत तो बॉनेटमधून हाताला लागतो का ते आधी बघ, काही गाड्यांत लागतो, काहींत खालूनच जावं लागतं. खालूनच असेल तर पंपाचा उपयोग अर्धाच. फिल्टर न बदलता नुसतं ऑइल बदलायचा विचार करू नकोस.

---

जुना_फिटर

परळवाले बरोबर बोलतायत. कमिटीने नाही म्हटलं किंवा फिल्टर खालून असला तर तिसरा रस्ता सांगतो, तो आपल्या मुंबईत सगळ्यात सोयीचा. ज्या गॅरेजमध्ये पिट किंवा लिफ्ट आहे तिथे आपलं ऑइल, आपला फिल्टर, आपला वायसर घेऊन जा, नुसती मजुरी ठरव आणि समोर उभा राहून करून घे. सील तू फोड, जुन्या फिल्टरचं रबर निघालं का ते तू बघ, शेवटी गज तू काढून बघ. चांगला मेकॅनिक याला कधी नाही म्हणत नाही. तिथेच त्यांच्या ड्रमचं पण विचारून घे, अधिकृत माणूस येऊन नेतो का म्हणून, म्हणजे ताईंचाही विषय मिटला. बिलं आणि किलोमीटरचा फोटो एका फोल्डरमध्ये ठेव, गाडी विकताना कामाला येतं.

पावसाचं म्हणशील तर वर्ष भरलं असेल तर आत्ताच बदल, पावसासाठी थांबायचं किंवा घाई करायची काही कारण नाही. पण पावसात एक गोष्ट. गाडी उभी असताना इंजिनापर्यंत पाणी चढलं तर किल्ली फिरवायची नाही, टो करूनच न्यायची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा पाणी ओसरल्यावर लोकांनी आनंदाने गाड्या चालू केल्या आणि सिलिंडरमध्ये पाणी असल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकले. पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. नुसती पाण्यातून चालवून आणली असेल तरी दुसऱ्या दिवशी गज काढून बघ, ऑइल दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, मग ते ऑइल आठवड्यापूर्वी टाकलेलं असलं तरी काढायचं, फिल्टरसकट, आणि गाडी चालवत नाही, टो करून गॅरेजला न्यायची. झाकणाच्या आतल्या बाजूला नुसता थोडा पिवळा फेस असेल आणि गजावरचं ऑइल साफ असेल तर घाबरू नकोस, छोट्या छोट्या फेऱ्यांमध्ये इंजिन पूर्ण गरम होत नाही तेव्हा दमट हवेने तेवढं होतं, एकदा पनवेलपर्यंत चालवून आण, जाईल.